मेलो, तेलो, सेलो : स्पॅनिशमधलं 'ला' आणि 'ले' कोणी समजावेल का?

पोफळीची_बाग (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज नाइलाजाने धागा काढतेय.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. सासऱ्यांच्या जुन्या घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो, मागे कुळागर आहे, पोफळी, मिरी, जायफळ वगैरे. २०२४ च्या नोव्हेंबरात ओल्ड गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं दर्शन सुरू झालं तेव्हापासून स्पेनची माणसं बरीच यायला लागली. इंग्रजी त्यांचं यथातथाच, म्हणून मी आधी ॲपवर आणि मग एका ऑनलाइन क्लासात स्पॅनिश सुरू केलं. आठ महिने झाले. नामं, क्रियापदं, 'कोमो एस्ता' 'मुई ब्येन' सगळं छान चाललं होतं, आणि मग आली ही सर्वनामं. मे, ते, लो, ला, ले, नोस, लोस, लास, लेस.

आता किस्सा ऐका. गेल्या महिन्यात बिल्बावची एक साठीची बाई नवऱ्यासोबत आली होती. फार गोड बाई. रात्री जेवताना मला म्हणायचं होतं, "उद्या तुम्हाला नारळाच्या रसात मासे करून घालते." डोक्यात 'तुम्हाला' आलं, समोर बाई, म्हणून स्त्रीलिंगी 'ला' लावला आणि मासे म्हणायचे राहूनच गेले. तोंडातून निघालं : "मान्याना ला कोसीनो कोन कोको."

बाई गप्प. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. मग इतकी हसली की सोलकढी नाकात गेली. मी जे बोलले त्याचा अर्थ होतो "उद्या तुम्हाला नारळात शिजवते." 🤦‍♀️

क्लासातल्या बाई इंग्रजीतून शिकवतात आणि म्हणतात 'टू हिम', 'फॉर हर' असेल तर ले, नुसतं 'हिम', 'हर' असेल तर लो किंवा ला. पण मी विचार मराठीत करते, तिथे सगळीकडे 'त्याला' 'तिला'च आहे. तर माझे तीन प्रश्न, लो/ला कधी आणि ले कधी, 'ले लो' चं मधूनच 'से लो' का होतं, आणि ही सर्वनामं कधी क्रियापदाच्या आधी तर कधी शेपटीसारखी मागे का चिकटतात? कोणी मराठीतून सांगेल का?

---

अवांतरवाला

पहिला मी. ताई, नारळात शिजवलेली बिल्बावची बाई, सोबत उकडा भात. मेनूकार्ड टाका.

---

सोलकढी_दुपारची

सोलकढी नाकातून येणे म्हणजे काय वेदना असतात हे मला विचारा. त्या बाईंबद्दल सहानुभूती. प्रश्नाचं उत्तर येत नाही, वाचनखूण साठवली.

---

तारवटी | सोमवार, रात्री ११:४०

मी शिपीवर चौदा वर्षं गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, काम करतो, आमच्याकडे अर्धे लोक होंडुरास, पेरू, कोलंबियाचे. व्याकरण वगैरे मला काही माहीत नाही पण स्पॅनिश बोलतो, कारण न बोलून सांगतोय कोणाला. पयल्या काँट्रॅक्टात मला वाटायचं हे लोक सारखे मरतायत. हा म्हणतो "मे लो दियो", तो म्हणतो "मे लो दिहो". मी मनात म्हणतो मेलो मेलो काय लावलंय सकाळपासून, कोण मेलो? नंतर कळलं मे लो दियो म्हणजे 'त्याने ते मला दिलं'. मे म्हणजे मला, लो म्हणजे ते. दियो म्हणजे दिलं. बघा ना, मला-ते-दिलं. जसंच्या तसं आपल्यासारखंच लाइनीत येतं.

ताई तुम्ही इंग्रजीतून गेलात म्हणून अडकलात. इंग्रजीत ते दिलं आधी आणि मला शेवटी. स्पॅनिशात मला पयलं. आपण सरळ जायचं.

---

म्हापशेंकार

+१ तारवटी. आणि 'दामेलो' ऐकलंय का? म्हणजे 'दे ते मला'. मला पहिल्यांदा वाटलं समोरचा सांगतोय 'दमलो'. मी म्हटलं बस मग रे, पाणी पी.

---

डिचोलीकर_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:०५

पोफळीताई, मी निवृत्त मराठी शिक्षक. स्पॅनिश मी मुलीमुळे शिकलो, ती तिकडे असते आणि नातवाला मराठी येत नाही, तेव्हा आजोबाने काय करावं. दोन वर्षं झाली, अजून शिकतोच आहे. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या शाळेच्या व्याकरणातच पडलेलं आहे, ते घ्या.

विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीयेचे प्रत्यय काय? स, ला, ते, आणि अनेकवचनी स, ला, ना, ते. चतुर्थीचे? स, ला, ते, स, ला, ना, ते. एकच! शाळेत आपण घोकताना म्हणायचो की मास्तर, दोन खाने कशाला, एकच लिहा की. तुमचं सगळं दुखणं तिथे आहे. द्वितीया म्हणजे कर्म, जिच्यावर क्रिया घडते. चतुर्थी म्हणजे संप्रदान, जिला काही मिळतं. स्पॅनिश पहिल्यासाठी लो, ला, लोस, लास वापरतं, दुसऱ्यासाठी ले, लेस. आपण दोन्हीला 'ला' लावतो, म्हणून फरक आपल्या कानाला ऐकूच येत नाही.

"मी मारियाला बघितलं" यातली मारिया कर्म, म्हणून ला वी. "मी मारियाला चावी दिली" यात कर्म चावी, मारियाला ती मिळते, म्हणून ले दी ला यावे. तुमच्या वाक्यात शिजणारी वस्तू मासे होती, जेवणारी बाई. तुम्ही बाईला द्वितीयेत घातलंत आणि ती थेट टोपात गेली.

आता ओळखायचं कसं, त्यासाठी माझी एक युक्ती. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून मराठी वाक्य बोलून बघा. मराठीत निर्जीव कर्माला 'ला' लागत नाही. 'मारियाला बघितलं' तसं 'घर बघितलं', घराला बघितलं नव्हे. ला गळला, म्हणजे द्वितीया, म्हणजे स्पॅनिश लो/ला. 'मारियाला देणगी दिली' तसं 'देवळाला देणगी दिली', ला राहिला. म्हणजे चतुर्थी, ले. 'तिला बोलव' तसं 'टॅक्सी बोलव', ला गळला, म्हणून ला यामो. 'त्याला मारलं' तसं 'भिंतीला लाथ मारली', ला राहिला, आणि खरंच स्पॅनिशात पेगार या क्रियापदाला माणसासाठी ले च लागतं, ले पेगो. 'त्याला विचार' तसं 'गुगलला विचार', ला राहिला, म्हणून ले प्रेगुन्तो. 'तिला शोधतोय' तसं 'चावी शोधतोय', ला गेला, ला बुस्को.

ही युक्ती मी कुठे वाचलेली नाही, पेज जेवताना सुचली.

---

बुडबुड_घागर

खास या प्रतिसादासाठी लॉगिन झाले. मास्तर, दंडवत! स, ला, ते आणि तिकडे से, ला, ते. हा निव्वळ योगायोग की कसं?

---

डिचोलीकर_मास्तर

योगायोगच. त्यांचं लो, ला, ले सगळं लॅटिनमधल्या 'तो, ती' वरून आलेलं आहे, आपल्या 'ला'शी नातं जोडू नये. नाहीतर उद्या कोणी म्हणेल की रोमन लोक मूळचे डिचोलीचे.

---

अवांतरवाला

रोमन मूळचे डिचोलीचेच. बोर्डे वाड्यावर अजून त्यांची घरं आहेत.

---

माद्रिदमुक्काम | मंगळवार, दुपारी ४:३०

मास्तरांची युक्ती आवडली पण तीनचार ठिकाणी ती तुम्हाला तोंडघशी पाडेल, आत्ताच सांगून ठेवते. मी मूळची साखळीची, इथे नऊ वर्षं.

एक, भेट देणे. "आम्ही चर्चला भेट दिली", ला राहतो, म्हणजे मास्तरांच्या हिशेबाने ले. पण स्पॅनिशात विसितार ला सरळ कर्म, ला विसितामोस. पोफळीताई, तुमचे पाहुणे ओल्ड गोव्याहून परत आले की हेच वाक्य बोलणार, लक्षात ठेवा. दोन, वाट बघणे. मराठीत 'त्याची वाट', 'बसची वाट', ला कुठेच नाही, चा-ची-चे आहे, पण स्पॅनिशात लो एस्पेरो. तीन, मदत करणे. 'त्याला मदत', 'देवळाला मदत', ला राहतो, तर ले व्हायला हवं, आणि आयुदार ला तुम्हाला ले पण ऐकू येईल आणि लो पण. प्रांताप्रमाणे. भांडू नका, दोन्ही चालतं.

आणि आता खरी गंमत. नियम पाठ करून तुम्ही इथे माद्रिदला उतरलात की लोक 'ले वी' म्हणताना ऐकू येतील, 'मी त्याला बघितलं' या अर्थी. म्हणजे पुस्तकाप्रमाणे लो हवं तिथे ले. याला लेइस्मो म्हणतात. पुरुष असेल आणि एकच असेल तर रेआल आकादेमियाने, म्हणजे त्यांची जी १७१३ पासूनची भाषेची संस्था आहे तिने, हे मान्य केलंय. उलट इथले काही लोक 'ला दिखे' म्हणतात, 'तिला सांगितलं', जिथे ले हवं तिथे ला. ते आकादेमियाला मान्य नाही पण माझी शेजारीण तसंच बोलते आणि तिला सांगायला जा बघू.

मला पहिल्या वर्षी वाटलं मी चुकीचं शिकले. मग कळलं की लो-ले मध्ये गोंधळणारे आपण एकटे नाही, ज्यांची भाषा आहे तेसुद्धा आपल्या आपल्या पद्धतीने गोंधळलेले आहेत.

---

पोफळीची_बाग

अगं बाई! म्हणजे बिल्बावच्या बाईने नवऱ्याबद्दल बोलताना 'ले' म्हटलं ते चूक नव्हतं? मी मनातल्या मनात तिला दुरुस्त केलं होतं 🙈

---

डिचोलीकर_मास्तर

विसितारचं खरं आहे. मान्य. एस्पेरारचंही मान्य. पण मी नियम म्हटलंच नव्हतं, काठी आहे, अंधारात चाचपायला. दहांत आठ वेळा दार सापडतं, दोनदा भिंत.

---

शुद्धलेखन_पोलीस

'दहांत' नव्हे, 'दहात'.

---

डिचोलीकर_मास्तर

बाळा, मी एकतीस वर्षं शिकवलंय.

---

शुद्धलेखन_पोलीस

म्हणूनच वाईट वाटलं सर.

---

जुना_लिसेव | बुधवार, सकाळी ७:५०

मी पणजीच्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेला, १९६१ ला डिसेंबरात मुक्ती झाली तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आमची पिढी संपत आली, म्हणून बोलून घेतो, मागून कोणी नाही म्हणायला नको.

स्पॅनिश आम्हाला न शिकता कळतं, म्हणजे निदान आम्हाला तसं वाटतं, आणि तिथेच फसतो. पोर्तुगीजमध्ये 'मी त्याला बघतो' म्हणजे वेझु-उ, सर्वनाम मागे जोडून. मी एका स्पॅनिश माणसाला त्याच चालीवर 'वेओ-लो' म्हटलं, तो हसला. त्यांचं साधं वाक्य म्हणजे लो वेओ, सर्वनाम आधी. आमच्याकडे 'नाही' आलं की ते पुढे येतं, नांव उ वेझु. त्यांच्याकडे ते आधीच पुढे असतं.

आणि तुम्ही सेलो-मेलो वर रडताय तर आमचं ऐका. 'त्याला ते देईन' हे जुन्या चांगल्या पोर्तुगीजमध्ये एका शब्दात : दार-ल्यु-एय. क्रियापदाचं पोट फाडून आत दोन सर्वनामं भरायची आणि पुन्हा शिवायचं. भरल्या वांग्यासारखं. प्रोफेसोर उभं करून म्हणायला लावायचे, चुकलं की हातावर पट्टी. स्पॅनिशने हे सोडलं, त्यांना शहाणे म्हणायला हरकत नाही.

बाकी झेवियरचं म्हणाल तर तो पोर्तुगीज नव्हेच, नवार्राचा, १५४२ ला इथे आला. आणि १५८० पासून १६४० पर्यंत गोव्याचा राजासुद्धा स्पेनचाच होता, फेलिपे, एकापाठोपाठ तीन. तेव्हा पोफळीबाईंच्या घरी स्पॅनिश पाहुणे येतात ते नवीन काही नाही, ते आपलं जुनं कुळागर बघायला येतात असं समजा.

---

म्हापशेंकार

काका 🙏 भरल्या वांग्याचं उदाहरण आयुष्यभर लक्षात राहील.

---

सोलकढी_दुपारची

अवांतर : सुशेगाद हा शब्द पोर्तुगीजमधला ना? स्पॅनिशमध्ये पण 'सोसेगादो' आहे, शांत, निवांत या अर्थाने. परवा सिरीयल बघताना ऐकलं आणि उडालेच, म्हटलं ही आमची जाहिरात कुठे करतायत.

---

म्हापशेंकार

चावी पण. पोर्तुगीज शाव, स्पॅनिश यावे. आणि पगार! स्पॅनिशात पगार म्हणजे 'पैसे देणे', क्रियापदच. त्यात शेपटी लावली की पागामेलो, 'ते मला चुकतं कर'. आमच्या ऑफिसात तीन महिने पगार अडकला होता तेव्हा मला हे माहीत हवं होतं. पगार ना म्हणून मेलो, एका शब्दात.

---

तारवटी | बुधवार, रात्री १०:१५

शेपटीवरून आठवलं, ताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच. पुढे की मागे. माझ्या अंगावर आलेला किस्सा सांगतो, मग विसरणार नाहीत.

एकदा रात्रपाळीला एक डेझर्टची प्लेट तयार होती, नटवाली. एका पाहुण्याला नटची ॲलर्जी, टेबल अकरा. शेफ, कोलंबियाचा, लांबून ओरडला "नो से लो देस!" एक्झॉस्टचा आवाज इतका की मला 'नो' ऐकूच आला नाही. मला ऐकू आलं से लो देस. मी म्हटलं दे म्हणतोय, आणि निघालो प्लेट घेऊन. दारात दुसऱ्याने कॉलर धरली म्हणून वाचलो, तो पाहुणा पण वाचला आणि माझी नोकरी पण.

मग शेफने बाजूला घेतलं आणि शिकवलं. 'दे त्याला' असं सांगायचं असतं तर मी दासेलो म्हटलं असतं, दा पयला, सर्वनामं मागे चिकटून. मी से लो आधी म्हटलं म्हणजे पुढे 'नो' असणारच, ऐकू येवो ना येवो. हुकूम दिला की शेपटी मागे, मनाई केली की पुढे. दामेलो, नो मे लो देस. दिमेलो, नो मे लो दिगास. हे कळल्यापासून मी अर्धं वाक्य ऐकून थांबतो.

बाकी साध्या वाक्यात नेहमी पुढे, मे लो दियो. आणि दोन क्रियापदं असली, 'विकत घ्यायचंय' तसं, तर दोन्ही चालतं, लो किएरो कोम्प्रार म्हणा नाहीतर किएरो कोम्प्रारलो म्हणा. फक्त मध्ये टाकू नका, किएरो लो कोम्प्रार असं काही नसतं.

---

पोफळीची_बाग

बापरे तारवटीदादा, काटा आला अंगावर. हे मी आत्ताच स्वयंपाकघरात चिकटवलंय : हुकूम मागे, मनाई पुढे.

---

बुडबुड_घागर

मराठीत मात्र हुकूम असो मनाई असो, 'मला ते' आधीच. मला ते दे, मला ते देऊ नको. म्हणजे मनाईत आपलं आणि त्यांचं जुळतं, हुकुमात फिरवायचं.

---

रानभुली | गुरुवार, दुपारी १:२०

मी वेगळं मत मांडू का. तुम्ही सगळे मराठीचं खूपच कौतुक करताय. मी पणजीला स्पॅनिशच्या खाजगी शिकवण्या घेते, पाचसहा मुलं असतात. मराठीतून विचार करणाऱ्या मुलांचं एक मी सारखं बघते, ती 'मला' ऐकलं की 'मे' लावतात. मला आवडतं, मे गुस्ता, बरोबर. मला वाटतं, मे पारेसे, बरोबर. मला भीती वाटते, मे दा मिएदो, बरोबर. मग गाडी सुसाट, मला भूक लागली, 'मे हाम्ब्रे'! नाही हो. तिथे तेन्गो आम्ब्रे, 'माझ्याकडे भूक आहे' अशी रचना, मे नाही आणि ह चा उच्चारही नाही. मला थंडी वाजते, तेन्गो फ्रिओ. मला माहीत आहे, लो से, तिथे कर्ता मीच. म्हणून म्हणते की भाषांतर करूच नका, कान तयार करा.

---

डिचोलीकर_मास्तर

रानभुलीबाई, तुमचं उदाहरण बरोबर, निष्कर्ष नाही. गुस्तार शिकवायला इंग्रजी माध्यमाच्या मुलांना किती दिवस लागतात? 'आंबे मला प्रसन्न करतात' असं काहीतरी उलटं सांगावं लागतं त्यांना. आपल्या पोराला फक्त सांगायचं, 'मला आंबा आवडतो' मे गुस्ता एल मांगो, 'मला आंबे आवडतात' मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. दोन मिनिटांत झालं. भुकेचा अपवाद सांगायला आणखी एक मिनिट. तरी फायदाच.

आणि एक फार मोठी गोष्ट अजून कोणी बोललंच नाही. 'माझ्या हातून ग्लास पडला.' से मे कायो एल वासो. मी पाडला नाही, तो पडला, माझ्या हातून. आपल्याला हे शिकवावंच लागत नाही, आपण लहानपणापासून याच्यावरच जगलोय.

---

अवांतरवाला

से मे कायो = "आई मी नाही पाडला, तो पडला." ज्याने ही रचना शोधली त्याच्या घरात नक्की पितळेचे तांबे नव्हते, काचेचे ग्लास होते.

---

रानभुली

😄 हे मात्र मान्य. ग्लासवाला मुद्दा मी उद्याच शिकवणीत वापरणार, मास्तरांचं नाव घेऊन.

---

सोलकढी_दुपारची

एक शंका. आमच्या ॲपमध्ये वाक्य आलं 'ले दी ला यावे आ मारिया'. ले म्हणजे तिला आणि पुढे परत आ मारिया म्हणजे मारियाला. दोनदा कशाला? मी ले खोडलं तर लाल खूण आली.

---

माद्रिदमुक्काम

दोनदाच म्हणतात. ले बहुतेक ठेवतातच, मारिया नंतर सांगायची, कारण नुसत्या ले मध्ये तो की ती ते कळत नाही. इथे मराठी त्यांच्यापेक्षा काटेकोर आहे बघ, त्याला/तिला वेगळं. त्यांचं ले दोघांना एकच, आणि शिवाय 'तुम्हाला' पण तेच, आदराने बोलताना. म्हणून तर पोफळीताईंच्या पाहुणीला ले म्हणायला हवं होतं, मान्याना ले कोसीनो पेस्कादो.

आणि आपणही बोलताना म्हणतोच की, "ती चावी ना, ती मी तिला दिली, मारियाला." आ मि मे गुस्ता म्हणजे "मला ना, मला आवडतं." आमची आजी अशीच बोलायची.

---

म्हापशेंकार

आता दुसरा प्रश्न कोणीतरी घ्या. ले लो चं से लो का होतं? आमच्या सरांनी सांगितलं होतं, लेलो कानाला वाईट लागतं म्हणून. पण त्यांना लोलो, लेले, लालाने काही त्रास होत नाही, मग लेलोनेच काय घोडं मारलं?

---

रानभुली | गुरुवार, रात्री ८:४५

हा माझा आवडता विषय. 'कानाला वाईट लागतं' हे नंतर जोडलेलं स्पष्टीकरण. लॅटिनमध्ये 'त्याला ते' म्हणजे इल्ली इल्लुम, दोन शब्द शेजारी. बोलता बोलता ते घासले आणि जुन्या स्पॅनिशमध्ये झालं 'झेलो', लिहायचे ग ने पण उच्चार झ चा. मध्ययुगातल्या लिखाणात हे झेलोच सापडतं, सेलो नाही. म्हणजे मुळात ले लो असं काही कधी बोललंच जात नव्हतं की जे वाईट लागावं. पुढे त्या झ चे उच्चार बदलत गेले, तो 'स' च्या जवळ ऐकू यायला लागला, आणि शेजारी स्वतःवाचक से आधीपासून होतंच, 'स्वतःला' या अर्थाचं. लोकांनी दोन्ही एक करून टाकलं. म्हणून आता से दिसलं की दोन शक्यता असतात, हा खरा से की वेष पालटलेला ले.

ओळखायला सोपं आहे. से च्या मागोमाग लो, ला, लोस, लास आलं आणि 'देणे, सांगणे, पाठवणे' असलं क्रियापद असलं की बहुतेक तो मुखवट्यातला ले. ले दी ला यावे, पण चावीचं पण सर्वनाम केलं की से ला दी. त्याला की तिला की तुम्हाला की त्यांना, ते आता अजिबात कळत नाही. गरज पडली तर मागून आ एया (तिला), आ उस्तेद (तुम्हाला) वगैरे जोडायचं.

जुना लिसेव काकांच्या पोर्तुगीजमध्ये हा वेषांतराचा प्रकार झालाच नाही, त्यांचं ल्य आणि उ मिळून सरळ ल्यु. ते त्या भरल्या वांग्यात दिसतंच आहे.

---

जुना_लिसेव

म्हणजे आमचं वांगं कठीण पण प्रामाणिक. समाधान वाटलं.

---

बुडबुड_घागर

हा धागा छापून माटोळीला (गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीला) बांधायला हवा, यंदाच्या चवथीला.

---

अवांतरवाला

सारांश कोणीतरी द्या, एवढं वाचायला वेळ नाही.

---

शुद्धलेखन_पोलीस

से ला दी. (म्हणजे 'तुम्हाला ती दिली', पण सारांश पुल्लिंगी आहे, त्यामुळे से लो दी.)

---

तारवटी

😂😂 पोलिसाला बढती द्या.

---

पोफळीची_बाग (धागाकर्ती) | रविवार, सायंकाळी ७:३०

मंडळी, मध्ये दोन दिवस पाहुणे होते म्हणून गायब होते. सगळं दोनदा वाचलं. मास्तरांची निर्जीव वस्तूची काठी माझ्या हातात बसली. 'तिला जेवण करते', वस्तू ठेवून बघितली, 'देवाला नैवेद्य करते', ला राहिला, म्हणून ले. आणि 'तिला शिजवते' तसं 'भात शिजवते', ला गेला, म्हणून ला, म्हणून बाई टोपात. आता जन्मात चुकणार नाही. विसितारला भिंत लागणार हे माहीत आहे, तिथे हात पुढे करून चालीन.

आणि आज सकाळी काय झालं सांगते. बिल्बावच्या बाईचा व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज आला. मी केलेल्या हुमणाची, म्हणजे त्या नारळातल्या माशांची, रेसिपी विचारत होती. रेसिपी म्हणजे ला रेसेता, स्त्रीलिंगी. ती म्हणाली "मे ला मान्दास?", मला ती पाठवशील का. मी ओट्यापाशी नारळ खवत होते, हात तसेच ठेवून मनात जुळवलं. ती वयाने मोठी, म्हणजे तुम्ही, म्हणजे ले. रेसिपी ला. ले ला होत नाही, से ला. साधं वाक्य आहे, हुकूम नाही, म्हणजे पुढे. हात पुसले आणि बोलून टाकलं, "से ला मान्दो मान्याना." उद्या पाठवते तुम्हाला. लगेच उत्तर आलं, "पेर्फेक्तो! पण नारळात फक्त मासेच ना?"

मी मेसेज पुन्हा पुन्हा लावून ऐकत होते, मोठ्या आवाजात. मे ला, मे ला. बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सूप घेऊनच आत आल्या आणि घाबरून म्हणाल्या, "कोण मेला गो?"